हडप्पाची लिपी, हडप्पाची माणसं आणि गारेचं एक वजन

इतिहास शिकणाऱ्या एका मुलीने मला तीन प्रश्न विचारले आहेत. सिंधू लिपी वाचली गेल्याच्या बातम्या सारख्या येतात, त्यांत तथ्य किती? एवढी मोठी शहरं वसवणारी माणसं अचानक गेली कुठे? आणि आपल्या महाराष्ट्राचा या सगळ्याशी काही संबंध आहे का?

अगं, हे तीन प्रश्न वेगवेगळे दिसतात, पण मला ते एकाच गाठीचे तीन दोरे वाटतात. मी तीसेक वर्षं उत्खननांवर काम करते आहे आणि माझं मुख्य काम लहान वस्तूंचं: मणी, बांगड्यांचे तुकडे, ठसे, वजनं. चरातून घमेलं वर आलं की माती चाळली जाते आणि चाळणीवर जे उरतं ते माझ्या टेबलावर येतं. तेव्हा माझं उत्तर त्या टेबलाच्या उंचीवरूनच आलेलं असणार, हे धरून वाच.

आधी लिपी.

सिंधू लिपीचे चार हजारांहून जास्त लेख आज हाताशी आहेत. ऐकायला भरपूर वाटतं. पण एका लेखात सरासरी पाचच चिन्हं असतात. एका पृष्ठभागावरचा सर्वांत लांब लेख १७ चिन्हांचा आहे. लिपीचे अभ्यासक इरावथम महादेवन यांनी १९७७ साली या सगळ्या लेखांची शब्दसूची प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांनी ४१७ वेगवेगळी चिन्हं मोजली. आता विचार कर: चारशेच्या वर चिन्हं आणि पाच-पाच चिन्हांचे तुकडे. मराठीतल्या दुकानांच्या पाट्या एखाद्या परक्या माणसाला दिल्या आणि त्यावरून मराठी भाषा ओळखून दाखव म्हटलं, तर त्याची जी अडचण होईल तीच आपली झाली आहे. शिवाय त्या पाट्यांची भाषा मराठी आहे हेसुद्धा त्याला कुणी सांगितलेलं नाही.

छोटे लेख वाचता येतच नाहीत असं मात्र नाही. सांचीच्या स्तूपावरचे अनेक लेख दोन-चार शब्दांचेच आहेत. जेम्स प्रिन्सेपला १८३७ साली दिसलं की त्यांतले बरेच लेख त्याच दोन अक्षरांनी संपतात. देवळाला दिलेल्या वस्तूवर काय लिहितात, असा विचार करून त्याने तिथे ‘दानं’ वाचलं आणि ब्राह्मीचं कुलूप उघडलं. कार्ल्याच्या लेण्यात गेलीस तर दात्यांच्या लेखांत हाच शब्द तुला भेटेल. पण प्रिन्सेपकडे एक गोष्ट होती: लेखामागची भाषा कोणत्या कुळातली असणार हे त्याला माहीत होतं. आपल्याकडे भाषा माहीत नाही आणि दोन भाषांत एकच मजकूर असलेला लेखही नाही.

तरी काही गोष्टी पक्क्या झाल्या आहेत, आणि त्या कशा झाल्या ते बघण्यासारखं आहे. यांतले बरेच लेख मुद्रांवर आहेत. मुद्रा शंखजिऱ्याच्या दगडाची असते, साधारण अडीच सेंटिमीटरची चौकोनी, पाठीला भोक पाडलेला गोल उंचवटा. तिच्यावरची चिन्हं उलटी कोरलेली असतात, म्हणजे मातीवर ठसा उमटला की सुलटी दिसतात. काही ठशांत उजवीकडची चिन्हं मोकळी, ऐसपैस आहेत आणि डावीकडे येताना ती एकमेकांना चिकटत जातात, कारण कोरणाऱ्याची जागा संपत आली. म्हणजे हात उजवीकडून डावीकडे चालला होता. पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांनी राजस्थानातल्या कालीबंगनच्या एका खापरावर हेच दुसऱ्या तऱ्हेने दाखवलं: ओढलेल्या रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे कोणती रेघ आधीची आणि कोणती नंतरची ते दिसतं. एका कारागिराची चार हजार वर्षांपूर्वीची अडचण, पाट संपल्यावर रांगोळी आखडती घ्यावी तशी, आपल्याला लेखनाची दिशा सांगून जाते.

बातम्यांबद्दल. कुणी या लेखांत संस्कृत वाचतं, कुणी तमिळ, कुणी आणखी काही. पाच चिन्हांच्या लेखात माणसाला हवं ते वाचता येतं, आणि तिथेच गोम आहे. असा दावा समोर आला की मी एकच गोष्ट विचारते: ज्या मुद्रा बघून तुम्ही नियम बसवलेत त्या बाजूला ठेवा, आणि ज्या बघितल्या नाहीत त्यांवर तेच नियम, एकही नवा अपवाद न काढता, चालतात का ते दाखवा. आजवर कुठलाही दावा या परीक्षेला उतरलेला नाही. तमिळनाडू सरकारने जानेवारी २०२५ मध्ये १० लाख डॉलरचं बक्षीस जाहीर केल्यापासून दाव्यांना ऊत आला आहे, पण परीक्षा तीच आहे.

गंभीर काम वेगळं असतं. आस्को पार्पोला आणि महादेवन या दोघांनी मागची भाषा द्राविडी असावी असं मानून आयुष्यभर काम केलं. मासळीच्या चिन्हाबद्दलचा पार्पोलांचा तर्क मला आजही सुंदर वाटतो: द्राविडी भाषांत ‘मीन’ म्हणजे मासाही आणि ताराही, तेव्हा मासा काढून तारा म्हणायचं असेल. पण लिपी पूर्ण उलगडली असा दावा या दोघांनीही पुढे केला नाही. २००४ साली तीन अभ्यासकांनी तर ही लिपीच नव्हे, नुसती खुणांची पद्धत आहे, असं मांडलं. त्यावर २००९ मध्ये राजेश राव यांनी, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या निशा यादव आणि मयंक वाहिया यांना सोबत घेऊन, चिन्हांचा क्रम गणिताने तपासला. कुठल्या चिन्हामागे कुठलं येतं यात जी शिस्त आहे ती बोलीभाषेच्या लेखनाशी जुळते, असा त्यांचा निष्कर्ष. वाद मिटलेला नाही. माझं मत विचारशील तर हे लेखन आहे, पण कशाचं आहे ते त्या मातीच्या ठशांच्या पाठीवर बघावं.

गुजरातेत लोथलला एक गोदाम होतं. त्याला आग लागली, आणि एरवी विरघळून गेले असते असे कच्च्या मातीचे ठसे भाजून पक्के झाले. ६५ च्या आसपास ठसे तिथे मिळाले. पुढून बघितलं तर प्राणी आणि चिन्हं, आणि उलटं केलं तर मागे बोरूच्या चटईचे, विणलेल्या कापडाचे, सुतळीच्या पिळाचे वळ. म्हणजे हा ठसा गाठोड्याच्या गाठीवर मारलेला होता. तेव्हा लिपी उद्या वाचली गेली तरी राजांच्या कहाण्या हाती लागतील ही आशा मी धरत नाही. नाव, माल, मालक, हुद्दा असं काही असेल. पण त्या माणसांचं एक नाव जरी ऐकायला मिळालं, तरी माझ्यासाठी ते पुष्कळ आहे.

आणि दुभाषी होते, बरं का! पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात इराकातल्या प्राचीन अक्कद राज्याच्या काळातली एक दंडगोल मुद्रा आहे. तिच्यावर मालकाचं नाव शु-इलिशु, आणि पुढे हुद्दा: मेलुह्हाच्या भाषेचा दुभाष्या. मेलुह्हा म्हणजे सिंधूचा प्रदेश, असं बहुतेक अभ्यासक मानतात. अक्कदचा राजा सार्गोन मेलुह्हाची जहाजं आपल्या धक्क्याला लागतात अशी प्रौढी मिरवतो. म्हणजे ही भाषा समजणारा, पगारी, स्वतःची मुद्रा बाळगणारा माणूस इराकात राहत होता. दोन भाषांतला एखादा लेख कधी मिळालाच तर तो सिंधूपेक्षा तिकडे, नाहीतर वाटेवरच्या ओमान-बहारीनच्या किनाऱ्याला मिळण्याची शक्यता मला जास्त वाटते.

आता दुसरा प्रश्न, माणसं कुठे गेली. यात लोकांना वाटतं तेवढं गूढ नाही, म्हणून लवकर सांगते. पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४० च्या दशकात मोहेंजोदडोच्या गल्ल्यांतल्या सांगाड्यांवरून आक्रमण आणि कत्तलीची गोष्ट रचली. जॉर्ज डेल्स यांनी १९६४ साली दाखवून दिलं की ते सांगाडे एका थरातले नाहीत, एका दिवसाचे नाहीत, आणि जळालेलं, लढलेलं शहरही कुठे नाही. तरी ती गोष्ट पाठ्यपुस्तकांतून आणि गप्पांतून अजून गेलेली नाही.

झालं ते संथपणे झालं. सुमारे ४२०० वर्षांपूर्वीपासून पावसाळा ढिला पडत गेला. हरियाणात कोटला डाहर नावाचं एक जुनं तळं आहे. त्याच्या गाळातल्या गोगलगायींच्या शिंपल्यांत त्या काळचं पाणी किती आटत होतं याची खूण राहिली आहे, आणि २०१४ साली ती वाचली गेली. नद्यांचं प्रकरण त्याहून गुंतागुंतीचं आहे. बऱ्याच हडप्पा वस्त्या जिच्या काठी होत्या त्या घग्गरच्या पात्रात सतलज वाहत होती, पण तिने ते पात्र शहरांच्या कितीतरी आधी सोडलं होतं, असं आयआयटी कानपूर आणि लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये मांडलं. नदी आटल्यामुळे शहरं मोडली हे सोपं समीकरण त्यामुळे तितकंसं सोपं राहिलं नाही. इ.स.पू. १९०० नंतर मोठी शहरं ओस पडत गेली आणि त्याच वेळी पूर्वेला हरियाणा-उत्तर प्रदेशाकडे आणि दक्षिणेला सौराष्ट्राकडे लहान गावांची गर्दी वाढली. गव्हाबरोबर भात आणि भरडधान्यं जास्त दिसू लागली. दुष्काळात आपल्याकडची माणसं जे करतात तेच त्यांनी केलं.

हरियाणातल्या राखीगढी या हडप्पा शहरातल्या एका बाईचा डीएनए २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या चमूने ते उत्खनन केलं होतं. उष्ण हवेत डीएनए टिकत नाही. ६० च्या वर नमुने तपासले, तेव्हा एका नमुन्याने साथ दिली. तिच्यात इराणी पठाराशी दूरचं नातं असलेला एक वंश आणि दक्षिण आशियातल्या जुन्या शिकारी-भटक्यांचा दुसरा, अशी मिसळण आहे. ही मिसळण कमीअधिक प्रमाणात आजच्या बहुतेक भारतीयांत सापडते. गवताळ स्टेप प्रदेशातून आलेला वंश तिच्यात नाही. एका बाईवरून अख्ख्या संस्कृतीचा निवाडा करू नये, पण ही माणसं नाहीशी झाली नाहीत, एवढं ती नक्की सांगते. डेक्कन कॉलेजनेच रोहतक जिल्ह्यात फरमाणा इथे खोदकाम केलं, तेव्हा तिथल्या भांड्यांवर आणि माणसांच्या दातांवर हळद आणि आल्याचे स्टार्चचे कण मिळाले. ते वाचलं त्या दिवशी मी घरी फोडणी देताना थांबले होते.

आता माझ्या टेबलावरचं कोडं.

कच्छमधल्या एका टिंब्यावर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, माझ्या तिसऱ्या की चौथ्या हंगामात, चाळणीवर फाशासारखा एक दगड आला. करड्या पट्ट्यांची गार, इंग्रजीत जिला चर्ट म्हणतात ती. सहाही बाजू घासून गुळगुळीत केलेल्या, कडा अगदी किंचित मारलेल्या, कुठेही अक्षर नाही, खूण नाही. कँपवरच्या काट्यावर ठेवला: १३.६ ग्रॅम. आमच्याबरोबरचे ज्येष्ठ सर नुसतं म्हणाले, “सोळाचं आहे.”

त्या दोन शब्दांत सगळं आहे. हडप्पाच्या वजनांतलं सर्वांत लहान नेहमीचं वजन सुमारे ०.८६ ग्रॅमचं. त्याची दुप्पट, चौपट, आठपट, सोळापट, बत्तीसपट, चौसष्टपट. त्यापुढे क्रम बदलतो: १६०, २००, ३२०, ६४०. मोहेंजोदडोचं एक वजन १० किलोच्या वर जातं. सर्वांत जास्त सापडतं ते सोळाचं, १३.७ ग्रॅमच्या आसपासचं. आणि हे अफगाणिस्तानात अमूदर्याकाठच्या शोर्तुगईपासून गुजरातेत लोथलपर्यंत, दीड हजार किलोमीटरहून जास्त पसरलेल्या प्रदेशात, सहा-सातशे वर्षं. फरक पडतो तो थोडाच, काही तर घासल्यामुळे.

आपल्या आजीला हा हिशोब समजावून सांगावा लागला नसता. छटाक, नवटाक, पावशेर, अच्छेर, शेर: एक, दोन, चार, आठ, सोळा. रुपयाचे सोळा आणे. सोनाराकडे आठ गुंजांचा मासा, आणि मासा एक ग्रॅमला थोडा कमी, म्हणजे त्या सर्वांत लहान हडप्पा वजनापासून फार लांब नाही. काही अभ्यासकांनी त्या वजनाचा संबंध गुंजेच्या बियांशी जोडलाही आहे. तेव्हापासून आजीपर्यंत परंपरा सलग चालत आली असं मी म्हणणार नाही, मधली हजार वर्षं पुराव्यावाचून आहेत. पण सोळाच का याचं कारण काट्यातच आहे. दोन पारड्यांचा तराजू असला की दुप्पट आणि निम्मं करायला दुसरं काही लागत नाही. एक वजन इकडे, तेवढंच तिकडे. दोन्ही एका पारड्यात टाकली की पुढचं वजन तयार. आणि समोरच्याला शंका आली तर तो तिथल्या तिथे, मोजता-लिहिता न येताही, ताडून बघू शकतो. दुसऱ्या मुलखातल्या, दुसरी भाषा बोलणाऱ्या माणसाशी व्यवहार करायला याहून चोख साधन मला सुचत नाही.

आता खरी अडचण. असं सगळीकडे सारखं माप चालवायला जगात इतरत्र काय दिसतं? राजा. त्याचा वाडा, त्याचं थडगं, त्याच्या विजयाचे दगडी पाट. इराक-इजिप्तमध्ये हे ढिगाने आहे. सिंधूकाठी महाल म्हणून खात्रीने बोट ठेवावं अशी इमारत नाही. दागिन्यांनी भरलेलं राजाचं दफन नाही. ज्याला ‘पुरोहित राजा’ म्हणतात तो पुतळा साडेसतरा सेंटिमीटर उंचीचा आहे, आणि ते नाव आपण ठेवलेलं आहे. ज्याला धान्यकोठार म्हटलं त्यात धान्य मिळालं नाही. तरी विटांचं माप ठरलेलं: जाडी एक, रुंदी दोन, लांबी चार. कच्छमधल्या धोलावीराला दगडात खोदलेले आणि बांधलेले मोठमोठे हौद, म्हणजे शेकडो माणसांचं ठरवून केलेलं काम. हुकूम कुणाचा होता?

जोनाथन मार्क केनोयर यांनी हडप्पात वर्षानुवर्षं खोदकाम केलं. वजनं शहराच्या वेशींजवळ जास्त मिळतात, तेव्हा आत येणाऱ्या मालावर जकात घेतली जात असावी, असा त्यांचा कयास आहे. पटण्यासारखा आहे. पण माझ्या मनात घर करून आहे ती दुसरी गोष्ट: हडप्पातच, शहर भरात येण्यापूर्वीच्या, म्हणजे इ.स.पू. २६०० आधीच्या थरातही एक छोटं चौकोनी वजन मिळालं. म्हणजे माप आधी आणि मोठं शहर नंतर. मला वाटतं, हे माप राजाने लादलेलं नव्हतं, व्यापारी आणि कारागिरांच्या कुळांनी आपसांत मान्य केलेलं होतं, आणि ते मोडणाऱ्याशी कुणी व्यवहार करत नसावं. तांबड्या अकीकाचे दहा-बारा सेंटिमीटर लांबीचे मणी ते बनवत. त्यांना भोक पाडायचं तर खास कठीण दगडाची सामत्याची अणी तासाला जेमतेम अडीच मिलिमीटर आत जाते, एका मण्याला कित्येक दिवस. एवढे श्रम घातलेली वस्तू हजार कोसांवर पाठवणाऱ्याला मापाच्या खरेपणाची चाड असणारच.

आणि इथे तुझे प्रश्न एकत्र येतात. इ.स.पू. १९०० च्या पुढेमागे चौकोनी मुद्रा, लिपी आणि गारेची वजनं ही तिन्ही जवळपास एकदमच वापरातून जातात. बैलगाडी जात नाही. बांगड्या जात नाहीत. शेती, भट्ट्या, मणी करण्याची कला काहीच जात नाही, खंभातला कारागीर आजही अकीक घासतो. माणसं राहिली, बाजार उठला. दूरदेशीचा व्यापार थांबल्यावर गाठोड्यावर ठसा मारायची गरज उरली नाही, ठसा नको तर अक्षरही नको, आणि शेजारच्या गावाशी देवघेव करायला सोळाचं वजन कशाला?

महाराष्ट्राचं उत्तर याच काळातलं आहे. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. १९५८ साली बी. पी. बोपर्डीकर यांनी ही पांढर, म्हणजे जुन्या गावाची जागा, शोधून काढली. पुढे म. न. देशपांडे, एस. आर. राव आणि एस. ए. साळी यांनी तिथे खोदलं. तिथल्या पाच थरांतला खालून दुसरा उत्तर हडप्पा, म्हणजे हडप्पा संस्कृतीच्या उतरत्या काळाचा. १९७४ मध्ये एका गावकऱ्याला झाडाचं खोड खणून काढताना ब्राँझच्या चार मूर्ती मिळाल्या: बैलजोडीच्या रथात उभा असलेला माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. सगळ्यांचं मिळून वजन ६० किलोहून जास्त. डोळ्यांचं पारणं फिटावं असं काम आहे. पण त्या रीतसर खोदलेल्या थरातून वर आलेल्या नाहीत, म्हणून त्यांच्या काळाबद्दल वाद आहे. त्या उत्तर हडप्पाच असाव्यात असं मला वाटतं, पण पुरावा म्हणून मी त्यांच्यावर भार टाकणार नाही. माझा भरवसा थरातून मिळालेल्या दोन मातीच्या बटणासारख्या मुद्रांवर आहे. त्यांवर सिंधू लिपीची चिन्हं आहेत. सिंधूपासून इतक्या लांब, गोदावरीच्या खोऱ्यात, कुणीतरी ती चिन्हं ओल्या मातीत उमटवत होतं.

तुझ्या प्रश्नात नसलेली एक गोष्ट सांगून थांबते. मोहेंजोदडोची सुरुवात आपण अजून बघितलेलीच नाही. पहिल्या उत्खननांपासून खोल जाणारा प्रत्येक जण पाण्याला लागला, कारण सिंधूच्या गाळाने सगळं मैदानच वर उचललं आहे आणि भूजल चढलं आहे. डेल्स यांनी १९६०च्या दशकात नळ्या घालून खालची माती काढली, तर मैदानाच्या पातळीखाली दहा-बारा मीटरपर्यंत वस्तीचे थर लागले. तिथे पहिली वीट रचणाऱ्यांच्या तराजूत कोणती वजनं होती, ते त्या चिखलात आहे.